सोफ्यावरची उडी आणि १९५५ ची यादी

१/
मे २००५. ओप्रा विन्फ्रे यांच्या कार्यक्रमात टॉम क्रूझ सोफ्यावर चढला आणि उड्या मारू लागला. निमित्त होते केटी होम्सवरील प्रेमाच्या जाहीर कबुलीचे. काही क्षणांचे ते दृश्य जगभर फिरले, त्याची असंख्य विडंबने झाली, आणि आजही 'सायंटॉलॉजी' हा शब्द उच्चारताच अनेकांना प्रथम तो सोफाच आठवतो. वस्तुतः त्या उडीत सायंटॉलॉजी कुठेच नव्हती. प्रेमात पडलेला एक नट होता, इतकेच.

२/
हा धागा त्या हास्याविरुद्ध आहे. प्रसिद्ध माणसे हेच आपले शस्त्र, असे ज्या संस्थेने पन्नास वर्षे आधी छापून ठेवले होते, तिच्याविषयीची सारी सार्वजनिक चर्चा एका प्रसिद्ध माणसाच्या चाळ्यांपाशी येऊन थांबली. हसणाऱ्यांना वाटले, आपण सायंटॉलॉजीची खोड मोडली. प्रत्यक्षात त्यांनी तिला फार मोठी सवलत दिली.

३/
आरंभ थोडक्यात. विज्ञानकथा लिहून उपजीविका करणाऱ्या एल. रॉन हबर्ड यांनी १९५० च्या मे महिन्यात 'डायनेटिक्स' हे पुस्तक प्रसिद्ध केले. गतकाळातील वेदनांचे ठसे मनात राहतात, ते प्रश्नोत्तरांच्या बैठकांतून पुसता येतात, असा त्यातील दावा. या बैठकीला 'ऑडिटिंग' म्हणतात. पुस्तक धडाक्याने खपले; मात्र त्याभोवती उभारलेली संस्था १९५२ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९५३ च्या डिसेंबरात न्यू जर्सीतील कॅम्डन येथे 'चर्च ऑफ सायंटॉलॉजी'ची नोंदणी झाली. उपचारपद्धती म्हणून जे टिकले नाही, ते धर्म म्हणून उभे राहिले.

४/
आता १९५५. सायंटॉलॉजीच्या 'अबिलिटी' या मासिकात 'प्रोजेक्ट सेलिब्रिटी' नावाची योजना छापून आली. सोबत अमेरिकेतील नामवंतांची यादी होती: अर्नेस्ट हेमिंग्वे, वॉल्ट डिस्ने, ग्रेटा गार्बो, मार्लीन डीट्रिच, हॉवर्ड ह्यूज, पत्रकार एडवर्ड मरो आणि इतर अनेक. प्रत्येक अनुयायाने एक नाव निवडावे, त्या व्यक्तीची माहिती काढावी, तिच्या वाटेत पुनःपुन्हा उभे राहावे, आणि तिला संस्थेत आणावे. या नामवंतांसाठी त्या मजकुरात वापरलेला शब्द शिकारीच्या परिभाषेतला आहे. सावज! आणि सावज आणणाऱ्यास बक्षीस काय, तर एक छोटेसे सन्मानचिन्ह.

५/
हेमिंग्वे किंवा डिस्ने कधी सायंटॉलॉजिस्ट झाले नाहीत. योजना त्या अर्थी फसली. पण तिच्यामागचा हिशेब चुकीचा नव्हता. चित्रपटगृहात ज्याचा चेहरा लाखो लोक पाहतात, तो माणूस संस्थेत असेल तर प्रचारकाची गरजच उरत नाही. शिवाय तो चेहरा ढालीसारखाही वापरता येतो, हे पुढे दिसले.

६/
चूक दुरुस्त झाली ती १९६९ मध्ये. लॉस एंजेलिसमध्ये 'सेलिब्रिटी सेंटर' स्थापन झाले. त्यात पुढाकार इव्हॉन गिलहॅम या कार्यकर्तीचा. १९७३ मध्ये संस्थेने हॉलिवूडमधील 'शातो एलिझे' ही देखणी वास्तू विकत घेतली. मूक चित्रपटांच्या काळातील निर्माते थॉमस इन्स यांच्या विधवा पत्नीने ती १९२० च्या दशकात बांधली होती. हबर्ड यांचे धोरणही आता अधिक चाणाक्ष झाले होते. शिखरावर बसलेल्यांपेक्षा शिखराकडे निघालेले, किंवा तिथून नुकतेच उतरू लागलेले, असे कलावंत शोधायचे. अस्थिर माणूस अधिक ऐकतो.

७/
१९७५ मध्ये मेक्सिकोत एका भयपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी एका सहअभिनेत्रीने जॉन ट्राव्होल्टाला डायनेटिक्सची ओळख करून दिली. तेव्हा तो एकवीस वर्षांचा, जवळजवळ अनोळखी नट होता. क्रूझ ऐंशीच्या दशकात मिमी रॉजर्समुळे आत आला. मूर्ख म्हणून ही माणसे फसली, हे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. ज्या व्यवसायात रोज दहा ठिकाणी जाऊन नकार पचवावा लागतो, तिथे कोणी तासन्‌तास शांतपणे ऐकून घेतो, धीर देतो, 'तुझ्यात काही कमी नाही, अडथळा जुना आहे' असे सांगतो, ही मोठीच देणगी वाटते. त्या देणगीची किंमत वसूल कशी होते, हे नंतर कळते. कित्येकदा प्रसिद्ध माणसाला ते कधीच कळत नाही, कारण ती किंमत दुसरेच कोणी मोजत असते.

८/
ते दुसरे कोण? १९६७ मध्ये हबर्ड यांनी 'सी ऑर्ग' ही पूर्णवेळ कार्यकर्त्यांची तुकडी उभारली. तिचे सदस्य एक अब्ज वर्षांच्या सेवेच्या करारावर सही करतात. माजी सदस्यांनी सांगितलेला मोबदला आठवड्याला सुमारे पन्नास डॉलर. सामान्य अनुयायी पायरीपायरीने वर चढतो आणि प्रत्येक पायरीचे शुल्क भरतो. ऑडिटिंगमध्ये ई-मीटरचे दोन डबे हातात धरून त्याने सांगितलेल्या खासगी गोष्टींच्या नोंदी संस्थेकडे राहतात. संस्थेच्या शत्रूंशी, प्रसंगी स्वतःच्या आईवडिलांशी किंवा मुलांशी, संबंध तोडण्याच्या प्रथेला 'डिस्कनेक्शन' म्हणतात. हा निर्णय ज्याचा त्याचा असतो, असे संस्था सांगते. ज्यांची मुले फोन उचलत नाहीत, ते आईवडील वेगळे सांगतात.

९/
पॉलेट कूपर हे नाव किती जणांना ठाऊक असेल? १९७१ मध्ये या पत्रकार स्त्रीने 'द स्कँडल ऑफ सायंटॉलॉजी' हे पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी तिच्या नावे बॉम्बच्या धमकीची पत्रे संस्थेच्या कार्यालयात पोहोचल्याची तक्रार झाली. कागद तिचा होता, त्यावर तिच्या बोटाचा ठसाही सापडला. १९७३ मध्ये तिच्यावर आरोपपत्र ठेवले गेले. तुरुंगाच्या भीतीने ती खचली. १९७५ मध्ये आरोप मागे घेतले गेले. पण सत्य बाहेर यायला १९७७ उजाडले. त्या जुलैत एफबीआयने संस्थेच्या कार्यालयांवर छापे घातले आणि कूपरला तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात धाडण्याच्या कटाची कागदपत्रे हाती लागली.

१०/
छापे मात्र तिच्यासाठी नव्हते. संस्थेच्या लोकांनी अमेरिकी सरकारच्याच कार्यालयांत शिरकाव करून कागदपत्रे चोरली होती. ही 'ऑपरेशन स्नो व्हाइट'. या प्रकरणात अकरा जण दोषी ठरले. त्यांत हबर्ड यांची पत्नी मेरी स्यू होती. एखाद्या धर्मसंस्थेचे वरिष्ठ पदाधिकारी सरकारी दप्तरे चोरताना पकडले जातात, हे अमेरिकेच्या इतिहासात नित्याचे नाही. त्याच १९७७ च्या डिसेंबरात ट्राव्होल्टाचा 'सॅटर्डे नाइट फीव्हर' झळकला. लोकांच्या स्मरणात त्या वर्षातले काय उरले, हे सांगायला नको.

११/
१९९१ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने सायंटॉलॉजीवर मुखपृष्ठकथा केली. संस्थेने ४१ कोटी ६० लाख डॉलरचा दावा लावला. तो १९९६ मध्ये फेटाळला गेला. तरी एखाद्या लहान प्रकाशनाला अशी लढाई परवडली असती का, हा प्रश्न उरतोच. मग १९९३. अमेरिकी कर खात्याने १९६७ मध्ये काढून घेतलेली करसवलत परत दिली. त्याआधी संस्थेने आणि अनुयायांनी त्या खात्यावर व त्याच्या अधिकाऱ्यांवर दाव्यांचा वर्षाव केला होता. तडजोडीत संस्थेने सव्वा कोटी डॉलर भरले. ही रक्कम जनतेला चार वर्षांनी कळली. प्रमुख डेव्हिड मिस्कॅव्हिज यांनी लॉस एंजेलिसच्या क्रीडागारात सुमारे दहा हजार अनुयायांपुढे विजयाची घोषणा केली. सायंटॉलॉजीच्या अर्धशतकातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. यावर कोणी विडंबन केले नाही. करकायद्यावर विनोद सुचत नाहीत.

१२/
जर्मनीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण तिथे लोक हसले नाहीत, रागावले. आणि रागही त्याच दिशेने गेला. १९९३ मध्ये जॅझ पियानोवादक चिक कोरिया यांच्या श्टुटगार्टमधील कार्यक्रमाला द्यायचा सरकारी निधी बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने रोखला. कारण, कोरिया सायंटॉलॉजिस्ट होते. १९९६ मध्ये सत्ताधारी ख्रिस्ती लोकशाही पक्षाच्या युवक आघाडीने 'मिशन: इम्पॉसिबल'वर बहिष्काराची हाक दिली. एका पियानोवादकाने काय मानावे हे राज्याने विचारण्याचे कारण काय? बॅरिकेडवर जायचे तर करारांवर, शुल्कांवर, डांबून ठेवण्याच्या तक्रारींवर जावे. राज्य मैफलीवर गेले.

१३/
उत्तर तितकेच भयंकर आले. जानेवारी १९९७ मध्ये 'इंटरनॅशनल हेराल्ड ट्रिब्यून'मध्ये चान्सलर हेल्मुट कोल यांना उद्देशून पानभर खुले पत्र छापले गेले. खाली हॉलिवूडमधील ३४ जणांच्या सह्या; त्यांत डस्टिन हॉफमन, गोल्डी हॉन, ऑलिव्हर स्टोन. हे सायंटॉलॉजिस्ट नव्हते. पत्राचा कर्ता होता क्रूझचा वकील. आणि पत्रातील तुलना? जर्मनीतील सायंटॉलॉजिस्टांची आजची स्थिती म्हणजे १९३० च्या दशकातील ज्यूंची स्थिती! जर्मन ज्यूंच्या केंद्रीय परिषदेचे अध्यक्ष इग्नात्स बुबिस यांनी ही तुलना ठामपणे नाकारली. स्वतः छळछावणीतून वाचलेल्या माणसाला हे सांगावे लागले.

१४/
१९५५ च्या यादीचे फळ म्हणून या पत्राकडे पाहावे. आता नामवंतांनी संस्थेत येण्याचीही आवश्यकता नव्हती. मित्राखातर, व्यवसायाखातर, सद्हेतूनेही असेल, एक सही पुरेशी होती. जर्मनीने कलावंताला लक्ष्य केले आणि कलावंतांनी इतिहासाची विटंबना केली. या गदारोळात सी ऑर्गमधला पन्नास डॉलरवाला माणूस दोन्ही बाजूंना दिसला नाही. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, तोच खेळ पुन्हा झाला. क्रूझ 'वाल्किरी' चित्रपटात श्टाउफेनबेर्गची भूमिका करणार म्हणून बर्लिनच्या बेंडलरब्लॉकमध्ये चित्रीकरणाला आधी नकार, मग परवानगी.

१५/
पुन्हा २००५. सोफ्यानंतर महिन्याभराने क्रूझ 'टुडे' कार्यक्रमात आला. तिथे त्याने मानसोपचारशास्त्र थोतांड असल्याचे सांगितले आणि प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर औषध घेतल्याबद्दल ब्रुक शील्ड्सवर टीका केली. ही गोष्ट गंभीर होती. मानसोपचाराचा द्वेष हा हबर्ड यांच्या शिकवणुकीचा गाभा आहे. तो क्रूझचा वैयक्तिक विक्षिप्तपणा नव्हे. शील्ड्स यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून शांतपणे उत्तर दिले: हा आजार खरा आहे, औषधाने आपल्याला वाचवले. त्या उन्हाळ्यात सायंटॉलॉजीवर झालेल्या सगळ्या बडबडीत नेमके बोट ठेवणारा हा एक आवाज. पुढच्या वर्षी क्रूझने त्यांची माफी मागितली.

१६/
ज्यांना ती मुलाखतही गंमतच वाटली, त्यांनी दहा वर्षे मागे जावे. नोव्हेंबर १९९५, फ्लोरिडातील क्लिअरवॉटर. ३६ वर्षांची एक अनुयायी किरकोळ अपघातानंतर रस्त्यावर विवस्त्र चालू लागली. तिला रुग्णालयात नेले. मानसोपचार तपासणीची वेळ आली तेव्हा सहधर्मी येऊन तिला घेऊन गेले. संस्थेच्या फोर्ट हॅरिसन हॉटेलात ती १७ दिवस होती. ५ डिसेंबरला तिचा मृत्यू झाला. संस्थेवर फौजदारी आरोप ठेवले गेले, पण वैद्यकीय परीक्षकाने मृत्यूचे स्वरूप बदलून 'अपघाती' लिहिल्यावर २००० मध्ये ते मागे घेतले गेले. कुटुंबाचा दिवाणी दावा २००४ मध्ये तडजोडीने मिटला. संस्थेने दोष सदैव नाकारला. त्या स्त्रीचा मृत्यू आणि 'टुडे'वरील ती मुलाखत यांत एकच शिकवण आहे. एका ठिकाणी ती नटाच्या तोंडी होती म्हणून करमणूक ठरली.

१७/
त्याच वर्षी 'साउथ पार्क'ने झीनू या आकाशगंगेच्या अधिपतीची कथा चव्हाट्यावर मांडली. भाग खरोखर विनोदी आहे. पण युक्तिवाद म्हणून तो दुबळा. कोणत्याही धर्माची विश्वोत्पत्तीची कथा परक्याला विचित्रच वाटते. विचित्र कथा मानणे हा गुन्हा नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सायंटॉलॉजीला धर्म मानले, तेव्हा कथेची सत्यता तपासण्यास न्यायमूर्तींनी नकार दिला होता, आणि तो योग्यच होता. झीनूवर हसून संस्थेला फरक पडत नाही. उलट 'आमच्या श्रद्धेची टवाळी होते' असे म्हणण्याची संधी मिळते.

१८/
एका प्रसंगाचे श्रेय मात्र द्यायला हवे. जानेवारी २००८ मध्ये क्रूझची संस्थेसाठीची चित्रफीत फुटली. ती हटवण्यासाठी संस्थेने धडपड केली. चिडलेल्या 'अनॉनिमस'च्या तरुणांनी १० फेब्रुवारीला जगभरच्या शहरांत मुखवटे घालून निदर्शने केली. सुरुवात पुन्हा चेष्टेनेच, यात शंका नाही. पण रस्त्यावर त्यांची गाठ माजी सदस्यांशी पडली, आणि कित्येकांनी प्रथमच त्यांचे म्हणणे ऐकून घेतले.

१९/
माजी सदस्य बोलत नव्हते असे नाही. फ्लोरिडातील 'सेंट पीटर्सबर्ग टाइम्स' या स्थानिक दैनिकाला सायंटॉलॉजीवरील वार्तांकनासाठी १९८० सालीच पुलित्झर मिळाले होते. २००९ मध्ये याच दैनिकात माजी वरिष्ठ पदाधिकाऱ्यांनी मिस्कॅव्हिज मारहाण करतात असे आरोप केले. संस्थेने ते खोटे ठरवले. पण देशाचे लक्ष गेले केव्हा? त्याच वर्षी दिग्दर्शक पॉल हॅगिस बाहेर पडला आणि दोन वर्षांनी 'न्यूयॉर्कर'ने त्याच्यावर दीर्घ लेख छापला, तेव्हा. २०१३ मध्ये अभिनेत्री लिआ रेमिनी बाहेर पडली आणि पुढे तिने दूरचित्रवाणीवर मालिका केली, तेव्हा. रेमिनीने आपला पडदा अनोळखी माणसांना दिला, हे तिचे मोठेपण. तरी दुःख सांगण्यासाठी आधी पडदा लागतो, ही लाज तिची नाही. ती प्रेक्षकांची आहे.

२०/
'श्रद्धा खासगी असते, नटांना का छळता?' हा आक्षेप नेहमी येतो. खासगी श्रद्धेपुरता तो मान्य. पण २००४ मध्ये मिस्कॅव्हिज यांच्या हस्ते क्रूझने भव्य समारंभात खास घडवलेले पदक गळ्यात घालून घेतले. १९५५ मध्ये सावज आणणाऱ्याला सन्मानचिन्ह होते. आता पदक नटालाच मिळाले. 'न्यूयॉर्कर'च्या लेखात माजी कार्यकर्त्यांनी सांगितले की क्रूझच्या वाहनांचे आणि विमानाच्या हँगरचे काम सी ऑर्गच्या लोकांनी केले. क्रूझच्या वकिलाने आणि संस्थेने हे नाकारले. नाकारू द्या. प्रश्न विचारायचा तर हा आहे: ते काम कोणी केले, किती मोबदल्यात केले? 'परग्रहवासीयांवर तुझा विश्वास आहे का', हा नव्हे.

२१/
असा प्रश्न विचारता येतो, हे पॅरिसने दाखवले. २००९ मध्ये तिथल्या न्यायालयाने संघटित फसवणुकीबद्दल संस्थेला एकूण सहा लाख युरोंचा दंड केला. तक्रारदारांपैकी एका स्त्रीला मेट्रो स्थानकाबाहेर व्यक्तिमत्त्व चाचणी देऊन आत ओढले होते आणि मग हजारो युरोंची पुस्तके, औषधे, अभ्यासक्रम विकले होते. न्यायालयाने झीनूची चौकशी केली नाही, पावत्या पाहिल्या. २०१३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला. दोषी ठरलेली मुख्य संस्था होती पॅरिसचे 'सेलिब्रिटी सेंटर'. तक्रारदार सामान्य नागरिक होते.

२२/
शेवटी डॅनी मास्टरसन. 'दॅट सेव्हन्टीज शो'मधील हा नट सायंटॉलॉजिस्ट. मे २०२३ मध्ये दोन स्त्रियांवरील बलात्काराच्या गुन्ह्यांत तो दोषी ठरला. सप्टेंबरात त्याला किमान तीस वर्षे ते आजन्म कारावासाची शिक्षा झाली. गुन्हे २००३ मधले. तक्रार करणाऱ्या स्त्रियाही तेव्हा त्याच पंथात होत्या. पोलिसांकडे जाण्यापासून आपल्याला संस्थेनेच परावृत्त केले, अशी साक्ष त्यांनी दिली. असा काही नियम नसल्याचे संस्थेचे म्हणणे.

२३/
छळ आणि पाळत यांबद्दल २०१९ मध्ये संस्थेवर दिवाणी दावाही दाखल झाला. संस्था म्हणाली, यांनी पूर्वी करार केला आहे, वाद आमच्या अंतर्गत लवादापुढेच चालेल. पंथ सोडून गेलेल्या व्यक्तीला त्याच पंथाच्या लवादापुढे कायमचे बांधून ठेवता येते काय? जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने सांगितले की नाही. धर्म सोडण्याचाही हक्क आहे.

२४/
हा निकाल फारसा कोणाच्या लक्षात नाही. मास्टरसनच्या शिक्षेनंतर गाजले ते दुसरेच. अॅश्टन कुचर आणि मिला कुनिस यांनी जुन्या सहकाऱ्यासाठी न्यायाधीशांना पाठवलेली शिफारसपत्रे, त्यावर उसळलेला संताप, दोघांनी घाईने केलेली क्षमायाचनेची चित्रफीत, आणि त्या चित्रफितीत ते कसे दिसत होते, किती खरे बोलत होते, यावर झालेला काथ्याकूट.